दीपा धनराज आणि त्यांचे चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मैत्रिणी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवतो. दीपा धनराज यांच्या फिल्म्स लावल्या की चहाच्या वेळी आणि पुढचे आठ दिवस फोनवर तेच ते प्रश्न येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे जा, तेच पुन्हा लिहीत बसलेलो नाही.

१. दीपा धनराज कोण? आधी नाव ऐकलं नव्हतं.

जन्म १९५३चा, मूळच्या हैदराबादच्या, राहतात बेंगळुरूला. गेली चार दशकं स्त्री-चळवळीत आहेत आणि तितकीच वर्षं माहितीपट बनवत आहेत. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे सांगता येत नाही, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी सुरू झालं. घरकाम करणाऱ्या बायका, तंबाखू कामगार, नसबंदीची शिबिरं, हैदराबादची दंगल, तमिळनाडूतली मुस्लिम बायकांची जमात (म्हणजे निवाडे करणारी पंचायत), रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरचं विद्यार्थी आंदोलन हे त्यांचे विषय. नाव ऐकलेलं नसणं स्वाभाविक आहे. असे माहितीपट थिएटरला लागत नाहीत आणि टीव्हीवर क्वचितच येतात.

२. ‘युगांतर’ हे त्यांच्या कंपनीचं नाव का?

कंपनी नव्हे, गट. १९८० साली बेंगळुरूत आभा भैया, मीरा राव, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि दीपा धनराज या चौघांनी तो सुरू केला. स्त्रियांच्या लढ्यांवर, लढणाऱ्या स्त्रियांबरोबर बसून फिल्म्स करायच्या असं ठरवलं होतं. १९८० ते १९८३ या काळात चार फिल्म्स झाल्या: ‘मोलकरीण’, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’, ‘इदि कथा मात्रमेना’ आणि ‘सुदेशा’. तिघींची लांबी पंचवीस मिनिटांच्या आसपास, ‘सुदेशा’ थोडी मोठी.

काळ कोणता होता तेही लक्षात घ्या. आणीबाणी उठून तीनच वर्षं झाली होती. मथुरा प्रकरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, म्हणजे आत्ताच्या गडचिरोलीतलं. पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात वसुधा धागमवार होत्या, रघुनाथ केळकर होते. त्या पत्रानंतर गावोगावी बायका रस्त्यावर आल्या. युगांतर त्याच वाऱ्यावर उभं राहिलं.

३. ‘मोलकरीण’ म्हणजे पुण्याचीच गोष्ट ना? कोणता संप?

हो, पुण्याचीच. १९८० मध्ये पुण्यातल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्तपणे काम बंद केलं. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लाल निशाण पक्षाच्या लीला भोसले त्यात पुढे होत्या. गिरणी कामगारांचा संप आपल्याला समजतो, कारण तिथे एक गेट असतं आणि एक मालक असतो. इथे एकीचे चार-पाच मालक, प्रत्येक वेगळ्या जिन्यावर, आणि प्रत्येकजण मालक असल्याचं अमान्य करणारा. ‘आमच्याकडे ती घरच्यासारखीच आहे’ हे वाक्य कुणाला नवं आहे? घरच्यासारखी म्हटलं की पगारवाढ मागायची सोय उरत नाही आणि हक्काच्या सुट्टीचा तर विषयच निघत नाही.

१९८१ची ही फिल्म त्या बायकांच्या तोंडून हे सगळं सांगते. काम कसं मिळतं, कसं जातं, आजारी पडलं की काय होतं आणि मग एकीने दुसरीला कसं गाठलं.

४. ‘मोलकरीण’ हा शब्द अपमानास्पद नाही का? तुम्ही पोस्टरवर छापता कसा?

फिल्मचं नाव तेच आहे आणि बायकांनी संघटनेलाही तेच नाव दिलं होतं, म्हणून छापतो. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. ‘मोल’ शब्दातच आहे. आज कायद्यात ‘घरेलू कामगार’ आहे, संघटना ‘घरकामगार’ म्हणतात, सोसायट्यांत ‘मावशी’ चालतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर या सगळ्यांत ‘मावशी’ मला जास्त खटकतो. नात्याची हाक मारली की पगाराचं बोलणं आपोआप अवघड होतं. (प्रश्न ३ मधलं ‘घरच्यासारखी’ आठवा.)

५. त्या बायकांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो हॉल झाडायला येणाऱ्या बाईंनी. फिल्म सुरू झाली तेव्हा त्या केरसुणी हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. पाच मिनिटांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि मागच्या रांगेतल्या खुर्चीवर टेकल्या, अगदी कडेला, लगेच उठता येईल अशा. दिवे लागल्यावर त्यांनी हे विचारलं, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच धड उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं. पुण्यातली संघटना टिकली आणि राज्यात इतर शहरांतही संघटना झाल्या. मागणी वेतनापुरती न राहता कायद्यापर्यंत गेली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला तो २००८ मध्ये. म्हणजे संपानंतर अठ्ठावीस वर्षांनी. त्यात नोंदणी आणि कल्याणकारी योजना आहेत. पण महिन्याला इतक्या सुट्ट्या द्यायलाच हव्यात, असं बंधन तो घरमालकावर घालत नाही. तेवढ्यासाठी फिल्ममधल्यासारखं दारोदार बोलणंच अजून चालू आहे.

६. निपाणीवरची फिल्म म्हणजे शरद जोशींचं तंबाखू आंदोलन का?

नाही. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ ही ती फिल्म, आणि ती वेगळ्या लढ्यावर आहे. हा घोळ आमच्याकडे दर वेळी होतो, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्येष्ठांचा, आणि त्याला कारणही आहे. १९८१ मध्ये शेतकरी संघटनेने तंबाखूच्या भावासाठी निपाणीला महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. ती आठवण इतकी ठसठशीत आहे की त्याच गावात, त्याच सुमारास झालेला दुसरा लढा तिच्याखाली झाकला जातो.

दुसरा लढा वखारींतल्या बायकांचा. शेतकऱ्याने विकलेली तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत जाते. ती बडवायची, चाळायची, निवडायची, हे काम हजारो बायका करत. हे विडीच्या तंबाखूचं गाव. बंद खोलीत खकाणा उडतो, नाकातोंडात जातो, पदर कितीही घट्ट बांधला तरी घसा जळतो. कामाच्या तासांना धरबंध नाही, मजुरी नाममात्र, त्यात मुकादमाची अरेरावी आणि नको ते हात. १९८० पासून सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघात या बायका संघटित झाल्या. शेतकऱ्यांच्या आंदोलनात मागणी मालाच्या भावाची होती, इथे तोच माल हाताळणाऱ्या हातांच्या मजुरीची. दोन्हींत ‘जोशी’ असल्याने गोंधळ वाढतो, तर नोंद घ्या: हे जोशी वेगळे, ते जोशी वेगळे.

निपाणी कर्नाटकात असली तरी फिल्म मराठी आहे, कारण त्या बायका मराठी आहेत. सीमाभागाबद्दल आपण एवढं बोलतो, पण त्यात या बायका फारशा येत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. छाया दातार यांनी या कामगार बायकांचा सविस्तर अभ्यास केला आहे. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा.

७. त्यात काही प्रसंग बायकांनी ‘करून दाखवलेत’ म्हणे. मग तो माहितीपट कसा?

चांगला प्रश्न, आणि याला एका ओळीचं उत्तर नाही.

युगांतरची मंडळी निपाणीत सुमारे चार महिने होती. काय दाखवायचं, कुठे कॅमेरा लावायचा, हे बायकांबरोबर बसून ठरत होतं. पण संप आधीच होऊन गेला होता. गेटवर काय घडलं, सभेत पहिल्यांदा कोण उठून बोललं, हे टिपायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मग ज्या बायका त्या दिवशी होत्या, त्याच पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते पुन्हा केलं. नटी आणली नाही, संवाद लिहून दिले नाहीत.

एकदा प्रेक्षकांतले एक निवृत्त पत्रकार यावर तावातावाने म्हणाले की ही फसवणूक आहे. मला तसं वाटत नाही. साक्षीदाराला आपण कोर्टात विचारतोच की, काय झालं ते सांग. इथे सांगण्याऐवजी करून दाखवलंय, एवढंच. शिवाय पडद्यावर नीट पाहिलं तर कळतं. पुन्हा करताना त्या बायकांच्या चेहऱ्यावर भीती नाही, मजा आहे. जी गोष्ट पहिल्यांदा करताना पाय लटपटले असतील, ती दुसऱ्यांदा करताना माणूस असाच दिसतो. वखारींच्या आतली दृश्यं मात्र प्रत्यक्ष तिथलीच आहेत आणि तोवर त्या जागा अशा कुणी पाहिलेल्या नव्हत्या.

८. ‘इदि कथा मात्रमेना’ तर सरळ कथापट वाटतो. तो या यादीत का?

कारण तो तसा आहेच. तेलुगू नावाचा अर्थ ‘ही नुसती गोष्टच आहे का?’. १९८३चा हा लघुपट हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर केला. घरातली मारहाण आणि त्यातून येणारं खचलेपण हा विषय. घरकामगार बाई कॅमेऱ्यासमोर मालकिणीबद्दल बोलू शकते, पण नवऱ्याबद्दल बोललेलं घरी कळलं तर तिचं काय होईल? खरी बाई, खरं नाव, खरा चेहरा घेऊन ही फिल्म करणं म्हणजे तिला पुन्हा संकटात टाकणं. म्हणून गोष्ट रचली, संघटनेतल्या बायकांनीच ती उभी केली, प्रसंग आयत्या वेळी सुचत गेले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. फिल्म आणि कायदा यांचा थेट संबंध जोडू नका, पण दोन्ही एकाच हवेतले आहेत.

९. ‘सुदेशा’ बघावी का?

बघा. गढवालमधल्या चिपको आंदोलनातल्या एका गावकरी बाईवर आहे. चिपको म्हटलं की आपल्याला पुरुष नेत्यांची नावं आठवतात, त्यावर चांगला उतारा.

१०. ‘समथिंग लाइक अ वॉर’ इतकी अस्वस्थ का करते?

१९९१ची, ५२ मिनिटांची. भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमावर, आणि आमच्या मते त्यांचं सर्वांत धारदार काम.

नसबंदीच्या शिबिरात दुर्बिणीतून ऑपरेशनं चालू आहेत. बायका ओळीने आणल्या जातात. डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून मोठ्या अभिमानाने सांगतो की आपण हे काम किती झटपट उरकतो. निवेदन त्याला एका शब्दाने टोकत नाही. कॅमेरा नुसता बघतो आणि टेबलावरच्या बाईच्या चेहऱ्याकडे वळतो. आमच्या हॉलमध्ये त्या वेळी हमखास कुणीतरी उठून बाहेर जातं.

मग फिल्म दुसऱ्याच खोलीत नेते. तिथे बायका गोल करून बसल्यात, जमिनीवर शरीराचं चित्र काढतायत, पाळी, मूल, सुख यांवर बोलतायत, हसतायत. मूल हवं की नको आणि का, याचा हिशेब त्यांच्याकडे पुरता तयार आहे. मुलगा नसला तर सासरी काय होतं, दोन मुलं जगतील याची खात्री कोण देणार, हे त्या सांगतात. सरकारच्या लाल त्रिकोणाला हे कधी विचारायचं सुचलं नाही.

मागची आकडेवारी माहीत असेल तर फिल्म जास्त कळते. कार्यक्रम सुरू झाला १९५२ला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. सरकार पडलं. त्यानंतर पुरुषांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही आणि सगळा भार बायकांवर सरकला. उद्दिष्टं तशीच राहिली, शरीर बदललं.

११. म्हणजे त्या कुटुंबनियोजनाच्या विरोधात आहेत का?

नाही, आणि हा गैरसमज दुरुस्त करणं आम्हाला फार गरजेचं वाटतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ते व्यक्तीच्या, त्यातही बाईच्या निर्णयासाठी. तिला मूल नको असेल तर तिच्या हातात साधन हवं. धनराज यांचा आक्षेप उलट्या बाजूला आहे: साधन तिच्या हातात नाही, ती साधनाच्या हातात आहे. तलाठ्यापासून शिक्षिकेपर्यंत प्रत्येकाला नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचा आकडा दिलेला. गर्भनिरोधक इंजेक्शनं आणि दंडात बसवायच्या कांड्या बायकांवर पुरेशी माहिती न देता तपासलेल्या. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री शक्ती संघटना, सहेली वगैरे गट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. फिल्म त्याच लढ्याच्या मांडीला मांडी लावून बसते.

‘हे जुनं झालं’ असंही कुणीतरी म्हणतं. उद्दिष्टं १९९६ला कागदावर काढून टाकली, हे खरं. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

१२. ‘क्या हुआ इस शहर को’ दंगलीवर आहे. यात स्त्रियांचा प्रश्न कुठे आला?

सगळ्याच फिल्म्स ‘स्त्रियांच्या प्रश्नावर’ असाव्यात ही अपेक्षा कशाला? चळवळीतली बाई शहरात राहते, शहर पेटलं तर ती कॅमेरा घेऊन तिकडेच जाणार. १९८४ला हैदराबादेत दंगली झाल्या. त्याच ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांचं सरकार पाडलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये ते परत आले. सत्तेची ही ओढाताण, गणपतीच्या मिरवणुका, दोन्हीकडचे पुढारी आणि जुन्या शहरातली हातावर पोट असलेली माणसं हे सगळं १९८६च्या या दीड तासाच्या फिल्ममध्ये शेजारी शेजारी आहे. गणेशोत्सव ज्यांच्या घरचा, त्या मराठी प्रेक्षकाला ती मिरवणूक बघताना घशात काहीतरी अडकतं. आवाज तोच, ढोल तेच, आणि तरीही काहीतरी साफ वेगळं.

१३. ‘इन्व्होकिंग जस्टिस’मुळे मुस्लिम समाजाची बदनामी होत नाही का?

हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. काहींना बदनामीची भीती असते, काहींना फिल्ममधून नेमकी तीच हवी असते. दोघांचीही निराशा होते.

तमिळनाडूत घटस्फोट, पोटगी, मारहाण यांचे निवाडे गावच्या जमातीत होतात आणि त्या बैठकीला बाईला जागा नाही. तिच्या गैरहजेरीत तिचा निकाल. शरीफा खानम यांनी पुदुकोट्टईला २००४ मध्ये बायकांची स्वतःची जमात सुरू केली. २०११ची ही फिल्म त्या बायकांमागून हिंडते: त्या तक्रार ऐकतात, पोलीस ठाण्यात जातात, पुरुषांच्या जमातीशी वाद घालतात. धर्म सोडा असं कुणी म्हणत नाही. आमच्या धर्माचा अर्थ लावायचा आम्हालाही हक्क आहे, एवढंच म्हणणं. आणि जात पंचायतींचे निवाडे महाराष्ट्रालाही नवे नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आपल्याला २०१६ मध्ये करावाच लागला.

१४. रोहित वेमुलावरची फिल्म त्यांचीच का?

हो, ‘वी हॅव नॉट कम हिअर टू डाय’, २०१८. हैदराबाद विद्यापीठातल्या या दलित संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी आत्महत्या केली, त्यानंतर देशभर उसळलेल्या विद्यार्थी आंदोलनावर आहे. रोहितच्या आई राधिका वेमुला यांना बघाच. ‘यात स्त्रियांचा प्रश्न कुठे’ असं वाटत असेल तर प्रश्न १२ पुन्हा वाचा.

१५. बायकांच्या चळवळीच्या फिल्म्स आणि कॅमेरा पुरुषाच्या हातात? हे विसंगत नाही?

नवरोज कॉन्ट्रॅक्टर हे दीपा धनराज यांचे पती आणि बहुतेक फिल्म्सचे छायाचित्रकार. मणी कौल यांचा ‘दुविधा’ही त्यांनीच टिपला. मोटारसायकलचे नादखुळे. जून २०२३ मध्ये मोटारसायकलच्याच अपघातात गेले.

विसंगतीबद्दल म्हणाल तर, हा प्रश्न मीही मनात धरून बसले होते. मग ‘मोलकरीण’ आवाज बंद करून पाहिली. कॅमेरा बहुतेक वेळा बसलेल्या बायकांच्या उंचीवर आहे, म्हणजे धरणाराही जमिनीवर बसलेला आहे. मला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरणार नाही कदाचित.

१६. या फिल्म्स कुठे बघायला मिळतील?

युगांतरच्या चारही फिल्म्स डिजिटल होऊन गटाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत. त्यामागे बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट संस्थेचं काम आहे. ‘क्या हुआ इस शहर को’ही तिनेच जपून पुन्हा बघण्याजोगी केली. पुण्या-निपाणीच्या बायकांचा आवाज जर्मनीतून परत यावा लागला, याचं कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं, हे आमच्या गटात अजून ठरलेलं नाही. नंतरच्या मोठ्या फिल्म्ससाठी महोत्सव, विद्यापीठांचे विभाग आणि वितरक यांच्याकडे चौकशी करावी लागते.

१७. आमच्या बचत गटाला दाखवायच्या आहेत. कुठून सुरुवात करू?

‘मोलकरीण’पासून. मराठी आहे, छोटी आहे, आणि बघणाऱ्यांपैकी निम्म्या जणींचं ते रोजचं आयुष्य असतं. दुसऱ्या बैठकीला निपाणी. ‘समथिंग लाइक अ वॉर’ तिसऱ्या-चौथ्या वेळी, बायकांची एकमेकींशी ओळख झाल्यावर, आणि फक्त बायकांसाठी. पहिल्यांदा आम्ही ती सर्वांसाठी ठेवली आणि चर्चेत तोंड उघडलं ते फक्त नवरे मंडळींनी. लहान मुलं बरोबर असतील तर ती लावू नका, ऑपरेशनची दृश्यं आहेत.

जाहीर खेळ करायचा असेल तर आधी निर्मात्यांना लिहून परवानगी घ्या. वेळ दुपारी दोन ते चार ठेवा. सकाळी त्यांची कामं असतात, चारनंतर नळाला पाणी येतं. चर्चेला फिल्मच्या दुप्पट वेळ धरा, आणि सगळ्या खुर्च्या समोरासमोर न मांडता काही सतरंज्याही अंथरा. हॉल झाडणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळेत येऊन पुढे बसतील.